जयाच्या हाताचं औषध

आमची म्हस एकहाती. एकहाती म्हंजे एकाच मानसाच्या हाताला धार देनारी. दुसरा कुनी खाली बसला की मान वळवून बगती, पान्हा चोरती, आन् तरीबी न्हाई उठला तर लाथ. घोडेगावच्या बाजारातनं आनली तवा इकनारा म्हनला हुता, "लई गरीब जनावर. पोरगं बी धार काढंल." गरीब कसली! पयल्याच दिशी मी बसलो तर बादलीसकट मला उलथा केला. आई बसली, तर शेनानं भरल्याली शेपटी आईच्या थोबाडावर. शेवटाला जया बसली, माझी बायकू. तिनं कासंवरनं हात फिरवला, कायतरी पुटपुटली, आन् ह्या महामायेनं डोळं मिटून पान्हा सोडला. आईनं तवाच तिचं नाव घोडेगावकरीन ठिवलं. म्हनली, "मोठ्या घरची दिसती. समद्यांस्नी हात लावू देत न्हाई."

मी काकासाहेब. मुळा धरनाच्या पाटाच्या कडंला आमची वस्ती, मानसं तिनंच. मी, जया, आन् आई, लंकाबाई. घरात दूध म्हंजे घोडेगावकरीन, आन् घोडेगावकरीन म्हंजे जयाचा हात. असं सरळ गनित हुतं, तवर कुनाच्या डोस्क्याला ताप न्हवता.

त्या भादव्यात पाऊस धड पडत बी न्हवता आन् थांबत बी न्हवता. नुसती झिमझिम. गोठ्यात रेंदा, घोट्याएवढा. राख टाका, मुरूम टाका, दुसऱ्या दिशी परत रेंदा. माशा तर अशा की तोंड उघडायची सोय न्हाई. त्या दिसांत एका सकाळी जया धार काढून उठली आन् उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं.

"काय झालं?"

"काय न्हाई. पुटकुळी हाय."

पुटकुळीची दोन झाली, दोनाची चार. बोटाच्या पेरावर पानी भरलं, फुटलं, आन् त्याच्यावर वाळल्याल्या गुळवनीवानी पिवळी खपली धरली. खपली निघायची, खाली लालभडक. मग शेजारच्या बोटाला. जया सांगायची न्हाई. पदरानं हात झाकून भाकरी थापायची. एक दिस आईनं परातीत वाकून बघितलं.

"जया, काय गं ह्ये? पू हाय का?"

"न्हाई वं, पीठ लागलंय."

"पीठ पिवळं असतंय व्हय? सरक. ह्या हाताची भाकर मी न्हाई खायची."

जया उठली आन् चुलीपास्नं लांब जाऊन उभी ऱ्हायली, कुनी शिवू नगा म्हनल्यागत. आईनं त्या दिशी भाकरी केल्या, पन कंबर धरून, कन्हत, ऊठसूट देवाला हाका मारत. मला जयाची दया आली आन् आईचा राग आला, आन् भाकरी खाताना आईचं बी बरोबरच हाय असं वाटलं. मानसानं कुन्या बाजूनं बोलावं?

मग सल्लं सुरू झालं. आई म्हनली हळद आन् गोडं तेल. शेजारचा आबासाहेब आला. हा गडी म्हंजे उंटावरनं शेळ्या हाकनारा. सोताच्या गाईची गोचीड काढायची अक्कल न्हाई, पन दुसऱ्याच्या दुखन्याला ह्याच्याकडं तीन औषिधं. "म्हशीच्या सडाचं मलम लाव," म्हनला. "आमच्या हिच्या टाचंला लावल्तं. टाच बशीवानी गुळगुळीत झाली."

"म्हशीचं मलम मानसाला?" मी म्हनलं.

"कातडं ते कातडंच की रं!"

सकाळी हळद, दुपारी मलम, संध्याकाळी चुन्याची निवळी. एक ना धड भाराभर चिंध्या. बोट काय ऐकंना. धारंच्या येळंला तर जयाच्या डोळ्यातनं पानी यायचं. सड दाबलं की खपली फाटायची. दुधाची धार बादलीत आन् हिचे दात ओठावर. शेवटाला मी गाडी काढली.

घोडेगावात निवेदिता मॅडमचा दवाखाना हाय. वयानं ल्हान, नगरवरनं येत्यात, पन हात धरून नीट बगत्यात. त्यांनी जयाचा हात उजेडात धरला, वास घेतला, हळद खरवडून काढली.

"हे काय काय लावलंय?"

आमी दोघं एकमेकांकडं बगाया लागलो.

"जिवाणूंचा संसर्ग आहे हा. कातडीवरचा. हे लोशन देते. नीट ऐका दोघांनी. आधी कोमट पाण्यानं, साबणानं हात धुवायचा. खपली मऊ होऊन अलगद निघेल तेवढीच काढायची, ओरबाडायची नाही. स्वच्छ फडक्यानं टिपून कोरडं करायचं. मग ह्याचा अगदी पातळ थर. सकाळी आणि संध्याकाळी. लावलं की वाळू द्यायचं, लगेच कामाला लागायचं नाही. डोळ्याला, तोंडाला लागू द्यायचं नाही. लावणाऱ्यानं आधी आणि नंतर हात धुवायचे. टॉवेल हिचा वेगळा. आणि हे औषध हिचंच, घरात दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. बरं दिसलं म्हणून मधेच सोडायचं नाही. आग वाढली, अंगावर पुरळ उठलं, ताप आला किंवा लाली वर सरकली, तर लावायचं थांबवून सरळ माझ्याकडे यायचं. कळलं?"

"व्हय," मी म्हनलं.

कळलं हुतं बी. पाटाच्या पुलापातुर समदं धड हुतं. वस्तीवर येस्तोर पार काला झाला. धुवायचं ते आदी का मागनं? पातळ थर का जाड? कोमट पानी हाताला का औषिधात? आईला सांगाया गेलो तर मी म्हनलं, "चांगलं दाट लावायचं, आन् मग धुवायचं."

"उलटं सांगताय," जया म्हनली. "आदी धुवायचं. आन् पातळ लावायचं."

"पातळानं काय हुनार? एवढं म्हाग औषिध आनलं, चांगलं थापून लाव की!"

"मॅडमनी पातळ सांगितलंय."

"मॅडमला काय, त्यांना म्हशीची धार काढायची हाय का?" आई मधीच बोलली. त्याचा औषिधाशी काय संबंध, ते मला कळलं न्हाई. पन आई असं ठासून बोलती की समोरच्याला वाटावं, आपल्यालाच कमी अक्कल.

खरी गंमत दुसऱ्या दिशी झाली. पहाटं धार. घोडेगावकरनीला त्या औषिधाचा दवाखान्यावानी वास आला आन् तिनं नाक फेंदारलं, पान्हाच सोडंना. जयानं साबनानं खसाखसा हात धुतलं तवा कुठं बाई पावल्या. मग औषिध लावायचं म्हनलं तर शेन काढायचं ऱ्हायलं. शेन काढलं, हात धुतला, लावलं. लावलं तर आई म्हनली, "अगं, माझी कंबर गेली आज, भाकरीचं बग." परत धुतलं. भाकरी झाल्या तर भांडी. भांड्यामागं धुनं. धुन्यामागं रेडकाची पेंडीची आंबोन कालवायची, ती काय चमच्यानं कालवत न्हाईत. संध्याकाळी औषिध लावलं तवा परत धारंचा टाइम. परत धुतलं.

मी बाजंवर बसून बगत हुतो. लगीन होऊन एवढी वर्सं झाली, पन हिचा हात कवा मोकळा असतो ह्याचा इचार माझ्या डोस्क्यात कधी आलाच न्हवता. आता बगितला तर मोकळा नसतोच. औषिधाला वाळाया येळ पायजे, आन् ह्या घरात येळ हुता तो समदा माझ्याकडं.

तरी मी उठलो का? न्हाई. मी म्हनलं, "बगू, दोन-चार दिसांत गुन यील."

गुन काय आला न्हाई, बाटली मातूर संपत आली. आईच्या कमरंला नायटा हाय, जुना. एक दिस बघतो तर आई भिंतीकडं तोंड करून नायट्यावर लोशन चोळतीय.

"आई! त्ये जयाचं हाय!"

"मग? मी काय पिऊन टाकलं? इवलंसं घेतलं."

आबासाहेब आला, त्याच्या पोराच्या गालावर मुरमाचं फोड, त्यानं झाकनात घालून नेलं. वर म्हनला, "बग बरं, तुझ्या म्हशीच्या सडाला बी तसल्याच पुटकुळ्या हायत."

गोठ्यात जाऊन बगितलं. खरंच हुत्या. कासंच्या मुळाला, सडावर, पिवळ्या टोकाच्या. आई म्हनली, "मग तिला बी लाव की. ती बी घरचीच हाय." मी दावं धरलं, आईनं लोशन चोपडलं. घोडेगावकरनीला असं झोंबलं म्हनता, तिनं दावं तोडलं, मला कुडाला दाबलं आन् थेट पाटाच्या रस्त्याला पळाली. रेडकू तिच्या मागं, मी रेडकाच्या मागं. आबासाहेब रस्त्यात उभा राहून हसत हुता.

त्याच्या दुसऱ्या दिशी संध्याकाळी मी गोठ्यात गेलो तर धारंचा आवाजच यीना. जया म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसल्याली. बादली रिकामी. मला वाटलं डोळा लागला. खांद्याला हात लावला तर अंग तव्यावानी.

"जया, हात बघू."

"धार ऱ्हायलीय वं."

"मसनात जाऊ दी धार! हात दाव म्हनतो ना!"

बोट वांग्याएवढं सुजलं हुतं. मनगटापातुर लाल झाल्तं आन् मनगटापास्नं वर एक लाल रेघ चढल्याली, कुनी कुंकवाचं बोट वढल्यागत. मी जयावर ओरडलो, आईवर ओरडलो, म्हशीवर ओरडलो. मग कळलं की ओरडायला आता कुनी ऱ्हायलं न्हाई, आन् गाडीला किक मारली.

मॅडम दवाखाना बंद करत हुत्या. हात बघितला आन् परत कुलूप उघडलं. बोटातला पू काढला. जया भिताडाकडं बघत बसली हुती, मीच डोळं झाकलं. इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. मग हात धुवून समोर बसल्या.

"लोशनची बाटली आणलीय का?"

दिली. त्यांनी उजेडात धरून हलवली.

"इतक्यात संपली? थापत होता की काय?"

"न्हाई, म्हंजे... आईच्या नायट्याला थोडं लावलं. शेजारच्या पोराला. आन्..."

"आणि?"

"म्हशीला."

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "नायटा बुरशीचा असतो, काका. त्याला हे औषध काय करणार? ते जिवाणूंवर चालतं. आणि म्हशीला कशाला?"

"तिच्या सडाला बी असल्याच पुटकुळ्या हायत म्हनून."

मॅडमचा हात कपाळावरनं खाली आला. "अशाच? कधीपासून?"

मी जयाकडं बगितलं. मला काय म्हाईत! आमच्या घरात सडाला कोन बगतंय?

"माझ्या हाताच्या आदी," जया म्हनली. "पयलं तिला झालं. मी खोबऱ्याचं तेल लावत हुते."

"मग तिच्याकडून तुमच्या हाताला आलं असणार," मॅडम म्हनल्या. "आणि तुमच्या हातानं पुन्हा तिला. असं गोल गोल चाललंय. तुम्ही बऱ्या झालात तरी ती परत देणार." मग माझ्याकडं वळल्या. "हे बघा, आणखी उशीर केला असता तर बोट नगरला नेऊन उघडावं लागलं असतं, आणि ते वाचलं असतंच असं मी सांगू शकत नाही. नवी बाटली देते. पण औषध हाताला राहिलं पाहिजे ना! हा हात पाण्यात नको, शेणात नको, पिठात नको. आणि धार तर अजिबात नाही."

"मग म्हस?" जया म्हनली. एवढा ताप अंगात, बोटाला पट्टी, आन् बाईचा पयला सवाल म्हस.

"म्हशीचं हे बघतील," मॅडम म्हनल्या आन् माझ्याकडं बोट केलं.

सकाळी गुरांचा डाक्टर आनला. त्यानं सड बघितलं, त्याचं येगळं औषिध दिलं, आन् जाता जाता सांगितलं, "औषध चालू आहे तोवर दूध डेअरीला घालू नका. पण धार मात्र दोन्ही टायमाला पूर्ण काढा. कासंत दूध तुंबलं तर कास सुजून धरंल, मग म्हस गेली."

म्हंजे बगा कसं. दूध इकायचं न्हाई, प्यायचं न्हाई, खड्ड्यात वतायचं. पन काढायचं मातूर पुरं. आन् काढायचं कुनी, तर जिला लाथ मारल्याबिगर चैन पडत न्हाई तिच्या खाली बसून, मी. आई म्हनली, "दुखनं हाल्याला आन् डाग पखालीला," आन् आत निघून गेली. हाल्या कोन आन् पखाल कोन, मला त्या दिशी काय बी उमगत न्हवतं.

बसलो. पयली लाथ गुडघ्यावर. दुसरी बादलीला. तिसऱ्यांदा मी लांबूनच हात घातला तर तिनं शेपटी फिरवली. पेंड पुढं ठिवली, पेंड खाल्ली आन् पान्हा चोरला. रेडकू सोडलं, रेडकाला पाजलं आन् मी हात लावला की आखडली. दुपारपातुर कास अशी तटतटली की सड चौबाजूला उभं. म्हस पाय आपटत हुती, हंबरत हुती. तिचं हंबरनं ऐकून जया उठली आन् पट्टीचा हात छातीशी धरून गोठ्याकडं निघाली.

"कुठं चाललीस?"

"डाव्या हातानं बगते."

"बस खाली!"

"मरंल वं ती!"

"आन् तू?"

ती थांबली. तिच्या डोळ्यात पानी हुतं, म्हशीसाठी का हातासाठी का माझ्यासाठी, देव जानं. आबासाहेब कुंपनाला रेलून समदं बगत हुता. नेहमीसारकं न इचारता म्हनला, "काकासाहेब, एक उपाय हाय. बायकूची साडी नेस."

"तुझ्या बापानं नेसली हुती का?"

"व्हय," आबासाहेब म्हनला. "आमची माय बाळंत हुती तवा. दोन म्हयने नेसला हुता."

मी अंगनात दोन येरझाऱ्या मारल्या. म्हस हंबरत हुती. जया परत उठाया लागली. मी म्हनलं, "आन ती तुझी गोठ्याची साडी. आन ल्हवकर, मन फिरायच्या आत."

गोठ्याची साडी म्हंजे तिची जुनी जांभळी. धारंला रोज तीच, घरात दुसरी. तिनं एका हातानं मला नेसवली. ईजारीवरनंच. निऱ्या माझ्याच हातानं करायला लावल्या, त्या काय जमंनात, शेवटाला खोचून टाकल्या. डोक्यावरनं पदर घेतला. आई दारात येऊन उभी ऱ्हायली, "आगं बया गं!" म्हनली आन् पदर तोंडात कोंबून बसली. जया मातूर हसली. लई दिसांनी हसली. मला राग यायला पायजे हुता, पन आला न्हाई.

"तू खाली बसल्यावर काय पुटपुटतीस ते सांग," मी म्हनलं.

ती खाली बघाया लागली. "ऱ्हाऊ द्या."

"आगं, लाथा मला बसत्यात! सांग."

"तुमच्या चुगल्या करते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. न्हाई. ती म्हनली, रोजच्या रोज तुमी काय बोललात, कुठं वसकन अंगावर आलात, ते समदं तिला सांगते, मग ती गप ऱ्हाती. आता ह्या बाईला काय म्हनावं आन् त्या म्हशीला काय म्हनावं!

गेलो. पदर घट्ट धरला, कासंवरनं हात फिरवला. घोडेगावकरनीनं मान वळवली, साडी हुंगली. मी बारीक आवाजात सुरू केलं, "काय सांगू बाई तुला... ह्यो नवरा... बाजंवर बसून ऱ्हातो नुसता. बायकूचं बोट सडलं तरी म्हनतो, गुन यील. औषिध आनतो आन् म्हशीला लावतो. असला येडा मानूस..." बोलता बोलता मीच चपापलो. कारन ह्यात खोटं काय हुतं? आन् तेवढ्यात सडातनं पयली धार आली.

म्हशीनं डोळं मिटलं.

तवापास्नं माझा नेमच झाला. पहाटं साडी, संध्याकाळी साडी. धार काढायची, सडाला तिचं औषिध लावायचं, दूध खड्ड्यात वतायचं, आन् कोपरापातुर साबनानं हात घासायचं. रस्त्यानं जानारी पोरं "काकूऽ काकूऽ" म्हनून वरडायची. आबासाहेबानं मोबाईलवर फोटू काढला आन् सगळ्या वस्तीला दावला. शेजाऱ्याची पावनी आली हुती, तिनं लांबनं बघून इचारलं, "ही कोन गं, आंगानं एवढी धिप्पाड?" मेल्याहून मेल्यासारकं झालं. पन लाज बी दोन येळा गिळली की तिसऱ्यांदा तेवढी अडकत न्हाई.

जयाचं औषिध बी मीच लावाया लागलो. मला कळलं हुतं म्हनून न्हवं. ती डाव्या हातानं लावायची ते मला बगवंना. आदी माझं हात धुवायचं, मग तिचा हात कोमट पान्यानं, धुतल्याल्या फडक्यानं टिपायचं, मग बोटाच्या टोकावर जरासं घेऊन पुसल्यागत लावायचं. पयल्यांदा मी परत दाट लावलं. तिनं काय न बोलता हात तसाच पुढं धरला, मीच टिपून काढलं. मग ते वाळंस्तोवर ती उंबऱ्यावर बसायची, हात मांडीवर उताना ठिवून. बसनं म्हंजे काय तेच तिला येत न्हवतं. पायानं तर पायानं, धान्यातली कोंबडी हुसकायची. आई भाकरी थापत थापत म्हनायची, "बस की गं गप. पळून चाललीय व्हय कोंबडी?" कंबर आईची तीच हुती, पन आता कन्हनं कमी झाल्तं. का, ते इचारायची माझी छाती झाली न्हाई.

लाल रेघ उतरली. सूज उतरली. खपलीखाली गुलाबी कातडं आलं, ल्हान पोराच्या ओठावानी. मला वाटलं झालं, बाटली ठिवून द्यावी. जया म्हनली न्हाई, मॅडमनी सांगितल्यात तेवढे दिस पुरं करायचं. केलं. मग दवाखान्यात जाऊन आलो. मॅडमनी बोट वाकवून बघितलं, मूठ मिटायला लावली, उघडायला लावली. "आता काढा धार," म्हनल्या. "पण आधी म्हशीचं पक्कं करा."

गुरांच्या डाक्टरनं बी सड बघून मान हलवली. दूध घालायला मोकळीक दिली.

त्या संध्याकाळी जया न्हाली. धुतल्याली हिरवी साडी नेसली, केसाला तेल लावलं. गोठ्याकडं निघाली तवा तिची चाल बघन्यासारकी हुती, म्हायेराहून आल्याल्या भनीला भेटाया चालल्यागत. मी पाठीमागं बादली घेऊन. आई बी आली. मी मनात म्हनलं, सुटलो एकदाचा! हात बी वाचला, म्हस बी वाचली, आन् इज्जत बी ऱ्हायल्याली तेवढी वाचली.

जया खाली बसली. कासंवरनं हात फिरवला. घोडेगावकरनीनं मान वळवली, हिरवी साडी हुंगली, आन् पान्हा चोरला.

"मी हाय गं," जया म्हनली.

म्हशीनं पाय उचलला.

"अगं, मी! मी हाय!"

लाथ बादलीला बसली, जयाला न्हाई. बादली गडगडत माझ्या पायापाशी आली. जया तशीच उकिडवी बसल्याली, हात पुढं केल्याला. तिचं त्वांड असं झाल्तं की मी दुसरीकडं बघितलं. मग आईच म्हनली, "काकासाहेब, ती जांभळी साडी दे तिला."

ती कुडाच्या खुट्टीला हुती. जयानं हिरव्यावरनंच ती गुंडाळली, पदर डोक्यावरनं घेतला. परत बसली. म्हशीनं हुंगलं, आता तिला माझ्या घामाचा वास आला आसंल, तंबाखूचा आला आसंल. तिनं डोळं मिटलं. दुधाची धार बादलीत वाजाया लागली.

जया धार काढत हुती, दोन्ही हातांनी, पयल्यावानी, आन् तिच्या गालावरनं पानी गळत हुतं. मला काय बी कळंना. हात बरा झालाय, बोट शाबूत हाय, धार मिळतीय. आता रडायचं कशाला?

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मग?"

म्हशीकडं बघत ती म्हनली, "धाकट्या भावाची हळद लागली तशी परत आले मी. अक्षदा बगितल्या न्हाईत. आई आजारी हुती तवा बी एक रात ऱ्हायले न्हाई. का? तर हिला दुसरा हात चालत न्हाई. मला वाटायचं, ही मला वळखती." धार थांबली. "साडी टांगून गेले असते तरी चाललं असतं की वं."

आई हळूच गोठ्यातनं बाहीर निघून गेली.

मी उभा. पयली येवढी वर्सं मी काय करत हुतो, बाजंवर बसून? मेव्हन्याचं लगीन हुतं तवा एकदा तरी म्हनलो का, जा, मी बगतो? आता काय बी बोललं तरी ते उशिराचंच हुनार हुतं. तरी बोललो.

"उद्या जा."

"कुठं?"

"म्हायेराला. ऱ्हा चार दिस."

तिनं माझ्याकडं बघितलं, हा खरं बोलतोय का येड लागलंय, असं. "आन् धार?"

"ही साडी ठिवून जा," मी म्हनलं.

तिनं शेवटचं दूध नीट निपटून काढलं, बादली माझ्या हातात दिली, आन् तिथंच उभी ऱ्हाऊन जांभळी साडी सोडाया लागली.